कुणाही दोघींच्या सह्या

निरगुडसर
११ सप्टेंबर २०२५

उज्ज्वला,

सुखी राहा. फोन न करता लिहितीय. फोनवर मी लगेच चिडते आन तू लगेच रडतीस, आन मंग मुद्दा तसाच ऱ्हातो. कागदावर निदान माझं बोलणं पुरं व्हईल.

काल दादाभाऊ येऊन गेला. चांगदेवाचा जुना विद्यार्थी म्हणून मी त्याला चहा केला, खुर्ची दिली. त्यानं पिशवीतनं कागद काढला आन म्हणला, "आत्या, सरांच्या नावाच्या ट्रस्टची नोंदणी झाली. धर्मादाय आयुक्तांचं सर्टिफिकेट आलं. आता जुन्नरला बँकेत खातं काढायचं. ह्या ठरावावर समद्या विश्वस्तांच्या सह्या झाल्यात, तुमचीच ऱ्हायली."

मी चष्मा लावून वाचलं. खात्याचे व्यवहार तिघांनी करायचे, तिघांपैकी कुणाही दोघांच्या सह्या चालतील. अध्यक्षा म्हणून तू. सचिव म्हणून दादाभाऊ. आन तिसरं नाव घाटघरच्या अंबाबाईचं.

माझं नाव कुठं, तर पार तळाला, नुसतं 'सदस्य'.

मी दादाभाऊला म्हणले, पेन चालत न्हाई. त्यानं स्वतःचं पेन दिलं. मी म्हणले, आज अमावस्या हाये. तो म्हणला, "न्हाई आत्या, आज तृतीया." मंग मी म्हणले, गुडघा दुखतोय, आन आत जाऊन बसले. तो चहा पिऊन गेला.

तू बायको, तुझं नाव पहिलं, त्याला माझी ना न्हाई. म्हंजी हाये, पन बोलून उपेग न्हाई. दादाभाऊ शिकलेला, धावपळ करतो. पन ही अंबाबाई कोण? चांगदेव दर रविवारी शाळेला सुट्टी म्हणून घाटघरला जायचा, डोंगरातल्या पोरांना पळायला शिकवायचा, आन हिच्या घरी जेवायचा. जेवायला घातलं म्हणून बाई खातेदार व्हती का? आठ वर्सांनी मोठी बहीण मी. त्याचं बोट धरून मी त्याला शाळेत बसवला. मास्तरानं त्याची जन्मतारीख मला विचारली व्हती, आईला न्हाई.

तिचं नाव काढ, माझं घाल. तवर माझी सही न्हाई. माझं आधार आन पॅन कपाटात हाये आन कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

त्याची बहीण,
साधना


वारूळवाडी
१६ सप्टेंबर २०२५

ताई,

पाया पडते. तुमचं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. मुलं ओरडत होती, तरी मला तुमचा आवाजच जास्त ऐकू येत होता.

तुमचं नाव मी मागे टाकलेलं नाही. ट्रस्टच्या बैठकीला तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही कांद्याचं रोप टाकायचं म्हणून आला नाहीत. बँकेने दादाभाऊला सांगितलं होतं की सह्या करणारी माणसं जुन्नरला येऊ शकतील अशी निवडा. कुणीतरी तुमच्या गुडघ्याचं बोललं. मी नाही.

अंबाबाईंचं नाव त्यांनी पळायला शिकवलेल्या मुलांनी घातलं. सगळी एका सुरात म्हणाली, "काकू, अंबामावशीशिवाय सरांचं कसं?" ती स्वतः आलीही नव्हती, नवरा आला होता, जानकू. तो कोपऱ्यात बसून नुसता हसत होता. मी काय बोलणार? नवरा गेलेल्या बाईने दुसऱ्या बाईचं नाव नको म्हटलं, की लोक त्याचा भलताच अर्थ काढतात.

तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिते. बावीस वर्षांच्या संसारात शेवटची चौदा वर्षं रविवार माझ्या वाट्याला आले नाहीत. संध्याकाळी यायचे ते बुटांना तांबडी माती लावून, आणि तोंडात अंबाबाईंची नाचणीची भाकरी. "उज्ज्वला, तसली भाकरी तुला नाही जमायची, त्याला तिकडचं पाणी लागतं." मी दोनदा नाचणी दळून आणली, ताई. दोन्ही वेळा भाकरी तव्यावर टाकताना फाटली. ते दोन्ही वेळा हसले.

आणि तो शेवटचा दिवस. तोही रविवारच. आले, बूट काढले, "भूक नाही" म्हणाले आणि आडवे झाले. मी शेंगोळी केली होती. पातेलं झाकलेलंच राहिलं. पहाटे दवाखान्याच्या दारात सगळं संपलं. त्यांनी शेवटचा घास कुणाच्या हातचा खाल्ला, हे मला कुणी सांगायला नको.

तुमच्याजवळ निदान त्यांचं लहानपण आहे. ते कुणी मागून घेऊ शकत नाही.

जानेवारीत वर्ष होतं. अठरा तारखेला त्यांच्या नावाने नाणेघाटापर्यंत दौड घ्यायची असं मुलांनी ठरवलंय. नावनोंदणी, परवानग्या, सगळं ट्रस्टच्या नावाने, आणि बँकेत खातं नसेल तर त्यातलं काहीच होणार नाही. तुम्ही सही केली नाहीत, तर ठराव पुन्हा बैठकीपुढे जाईल. पुन्हा गेला की नावं बदलता येतात. मी एवढंच सांगते. मी त्यात काही बोलणार नाही.

तुमची,
उज्ज्वला


निरगुडसर
२२ सप्टेंबर २०२५

उज्ज्वला,

सुखी राहा. घट बसवून लिहायला बसले.

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा वाटलं की ही आपल्या घरातली हाये. रागावू नको, खरं ते लिहिलं. 'मी काही बोलणार न्हाई' असं तू लिहिलंस, आन त्यात जे बोललीस ते मला समजलं.

ठराव फिरवून, बैठका घेऊन काय व्हनार न्हाई. पोरं पुन्हा तिचंच नाव घालतील. ती स्वतः म्हणली पाहिजे की मला नको. म्हणून मी घाटघरला जाते. ऋषीला सांगितलंय, दसरा झाला की गाडी काढ. माझा पोरगा हाये, कुरकुर करील पन नेईल.

मी भांडणार न्हाई. गोडीत सांगणार, बाई, तुमी लई केलं, आता त्याच्या घरच्यांना करू द्या. न्हाई ऐकलं तर मंग गोडी सोडीन.

साधना


वारूळवाडी
२७ सप्टेंबर २०२५

ताई,

पाया पडते. मी पाठवलं असं मात्र तिथे म्हणू नका.

पण जाणारच असाल तर एवढं बघून या. घर केवढं आहे. त्यांचा फोटो लावलाय का, लावला असेल तर कुठल्या भिंतीवर, देवाच्या जवळ की लांब. ती दिसायला कशी आहे. अंत्यविधीला आली होती म्हणतात, गर्दीत लांब उभी होती, पण मी त्या दिवशी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. वय किती असेल. हसते का.

आणि भाकरी हातावर थापते की परातीत, तेवढं बघा. हे कुणाला सांगू नका.

उज्ज्वला


निरगुडसर
११ ऑक्टोबर २०२५

उज्ज्वला,

सुखी राहा. जाणं झालं न्हाई. आधी पाऊस, मंग ऋषीला सवड न्हाई, मंग माझं अंग दुखत व्हतं. बघू.

भाऊबीजेला येते. तवा निवांत बोलू. करंज्या करू नको, मी आणते. हर्षालीला म्हणावं पुण्याहून लवकर ये, आत्या येणार हाये.

साधना


वारूळवाडी
२६ ऑक्टोबर २०२५

ताई,

पाया पडते लिहायला हात होत नाही. तरी लिहिते, कारण मी तुमच्या भावाची बायको आहे.

भाऊबीजेला सकाळी हर्षालीचं आणि माझं भांडण झालं. बाबांच्या जागी पाट मांडायचा की नाही यावरून. ती म्हणाली मांडू नको, मला बघवणार नाही. मी म्हटलं, मांडू. आत्या येतील, त्यांचा तो हक्क. फोटोला ओवाळायचं की चंद्राला, ते त्या ठरवतील. पोरीने रडत रडत पाटाभोवती रांगोळी काढली. तुम्ही करंज्या आणणार म्हणून मी केल्या नाहीत. बीजेची कोर लवकर मावळते. आम्ही दोघी अंगणात उभ्या होतो. मावळली.

मला वाटलं गुडघा. मला वाटलं गाडी मिळाली नसेल. फोन लावला तर बंद. मी रात्रभर देवाला म्हणत होते, त्यांना काही होऊ देऊ नको.

काल दादाभाऊ फराळ घेऊन आला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. म्हणाला, "आत्या बऱ्या झाल्यात वाटतं. भाऊबीजेला घाटघरला गेल्या, दुसऱ्या दिवशी भात कापत होत्या. ऋषीने स्टेटसला फोटो टाकलेत." आणि त्याने दाखवले.

तुम्ही उंबऱ्यावर बसलाय. मांडीवर ताट आहे. मागे एक बाई उभी आहे, तोंड भरून हसतेय, आणि तिचा हात तुमच्या खांद्यावर आहे.

ताई, बावीस वर्षांत तुमच्या खांद्यावर हात ठेवायची माझी छाती झाली नाही.

तुम्ही तिचं नाव काढायला जाणार होतात. मी वेडी, भिंती आणि भाकऱ्या विचारत बसले. एवढ्यात तुमची तिच्याशी गट्टी झाली आणि मला कळवावंसंही वाटलं नाही. 'जाणं झालं नाही' असं लिहिलंत. मग भाऊबीजेचा हा मान तिला कसा दिलात?

मी दादाभाऊला सांगितलंय, मी अध्यक्षपद सोडते. कुठल्याही कागदावर सही करणार नाही. ट्रस्ट, खातं, दौड, सगळं तुम्ही दोघी घ्या. त्यांचे रविवार तिने घेतले, लहानपण तुमच्याकडे आहेच. माझ्याकडे रिकामा पाट राहू दे.

उज्ज्वला


निरगुडसर
१ नोव्हेंबर २०२५

उज्ज्वला,

तुझं पत्र मी तीनदा वाचायला घेतलं आन पाटाशी येऊन तीनदा ठेवलं. आता उत्तर लिहिते. लांबल, पन पुरं वाच.

दसरा झाला आन लगेच मी घाटघरला गेले व्हते. तुला खोटं लिहिलं.

तिचं घर लहानच हाये, पुढं ओटा, मागं भाताची खाचरं. अंबाबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसलेली. पन्नाशीची आसंल. मी म्हणले, "मी चांगदेवाची बहीण."

ती उठली न्हाई. मला वरपासनं खालपतोर बघितलं आन म्हणली, "मंग तुमीच त्या. वढ्याला पूर आल्याला तवा त्याला पाठीवर घिऊन आल्याल्या."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजी? सरांनी. ह्याच वट्यावर बसून. माज्या नातवंडांना तुमचं नाव पाठ हाये. मला तर कटाळा आला व्हता तुमचा."

मी ओट्याच्या कडेला टेकले. ती गोष्ट मी तुलाबी कधी सांगितली न्हाई. मला वाटायचं, त्याला आठवत नसंल, लई लहान व्हता.

मंग तिनं पाणी दिलं. मी ठरवल्याप्रमाणं गोडीत सांगितलं, बँकेच्या खात्यातनं नाव मागं घ्या. मला वाटलं भांडंल. ती म्हणली, "घेते की. कागद आणलाय का?"

कागद मी नेलाच नव्हता. मी म्हणले, "एवढं सोपं व्हतं तर मंग हो कशाला म्हणलात?"

तिनं सूप खाली ठेवलं. "खरं सांगू का, ताई? मला त्या उज्ज्वलाबाईला एकदा समोरासमोर बघायचं व्हतं. म्हणलं, बँकेत तरी शेजारी बसंल."

"तिच्यात काय बघायचं?"

"काय म्हंजी! चौदा वर्सं झाली ऐकतीया. मी भाकर पुढं ठिवायची आन सरांनी म्हणायचं, उज्ज्वला शेंगोळी अशी करती, उज्ज्वलानं पोरीला असं वाढवलं, उज्ज्वलाचं अक्षर असं. मानूस माज्या चुलीपुढं बसतो आन दुसरीच्या चुलीचं बोलतो. भावावानी व्हता, पन पोटात आग पडायची ती पडायचीच."

जानकू आतनं हसला. म्हणला, "भाकर करपली की आमाला कळायचं, आज सरांनी वारूळवाडीचं काढलंय."

आता पुढचं नीट वाच. मी तिला म्हणले, शेवटचं जेवण त्यानं तुमच्याच हातचं केलं, एवढं तरी तुमच्या वाट्याला आलं. तिचं तोंड एकदम उतरलं. म्हणली, "कुठलं? त्या रविवारी जेवलाच न्हाई. ताट वाढलं व्हतं. म्हणला, जरा जड वाटतंय, घरी जातो, उज्ज्वला वाट बघत आसंल, तिथंच खाईन. मला राग आला. चौदा वर्सांत पयल्यांदा माजं ताट नको म्हणला, आन तेबी तिच्यापायी. मी ताट उचललं, मागच्या दारी नेलं आन कुत्र्याला घातलं. जाताना 'येतो, अंबाबाई' म्हणला तर मी बाहेर आले न्हाई. त्यो जड वाटतंय म्हणला आन मला राग ताटाचा आला."

आन मंग ती रडली, उज्ज्वला. आवाज न करता, सूप पुढ्यात घेऊन.

तुला म्हणला भूक न्हाई, तिला म्हणला जड वाटतंय. लहानपणापासनं असाच. जिला सांगायचं तिला सांगायचं न्हाई. तो कुणाच्याच हातचं जेवून गेला न्हाई. ते ऐकून मला काय वाटलं सांगू? मला तुमचा दोघींचा हेवा वाटला. तुमच्याकडं त्या दिवशीचं एक एक वाढलेलं ताट तरी हाये. माझ्याकडं तेवढंबी न्हाई. मला तर मकर संक्रांतीनंतर फोनबी केला नव्हता त्यानं.

हे तुला त्याच दिवशी सांगणार व्हते. नारायणगावच्या चौकात ऋषी म्हणला, "मामीकडं वळवू?" तुझं घर तिथनं हाकेवर. मी म्हणले, "सरळ घे." तुला सांगितलं की ते तुझं व्हनार, असं वाटलं. त्याचे बूट तुझ्याकडं, घड्याळ तुझ्याकडं, फोटोबी तुझ्याकडं, नाव तुझ्या नावाच्या मागं. मला पहिल्यांदा असं काही मिळालं व्हतं जे तुला ठाऊक नव्हतं. म्हणलं, चार दिवस माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. ते चार दिवस लांबले.

आन भाऊबीज. मी करंज्या डब्यात भरल्या, गाडीत बसले, वारूळवाडीच्या फाट्याला आले. तुझ्या गल्लीच्या तोंडाला गाडी उभी व्हती. मला तुझ्या घरातला उजेड दिसत व्हता. मला तो पाट दिसत व्हता, तू मांडणार हे मला ठाऊकच व्हतं. उतरताच आलं न्हाई. ऋषी म्हणला, "आई, मंग कुठं?" घाटघरच्या घरात त्याचा पाट कधी नव्हता. म्हणून तिथं गेले. रात्री तिथंच ऱ्हायले, सकाळी तिच्याबरूबर भात कापला, गुडघा नको नको म्हणत असताना. दिवसभर वाकून काम केलं की रडायला सवड ऱ्हात न्हाई. पोरगं फोटो काढतंय हे मला दिसलंबी न्हाई. फोन तर तिथं लागतच न्हाई, खाली उतरल्यावर टाकले त्यानं.

तुला वाईट वाटलं, वाटणारच. पन मान तिला दिला न्हाई. मी कुणालाच ओवाळलं न्हाई.

दादाभाऊ येऊन गेला. दोन्हीकडनं वैतागलाय. म्हणला, "आत्या, माझं नाव काढा, तुमची तिघींची घाला, पन मला सोडवा." नवा ठराव टाईप करून त्यानं ठेवलाय. त्यावर मी सही केली. तिघींची नावं: तू, मी, अंबाबाई. तिचं आता मीच ऱ्हाऊ दिलं. अध्यक्षा तूच. तू सोडलंस तर लोक म्हणतील नणंदेनं सोडवलं, आन ह्या बारीला ते खरं असंल.

अठरा तारखेला मंगळवारी अंबाबाई बँकेत येणार हाये. मला डॉक्टरनं तीन आठवडे हलू नको म्हणलंय, भाताचा परिणाम. मी मागाहून येईन, सही देईन. तू जा.

फोटो तिच्या भिंतीवर न्हाई. शिट्टी हाये त्याची, खुंटीला. भाकर हातावर थापती.

साधना


वारूळवाडी
२० नोव्हेंबर २०२५

ताई,

पाया पडते.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस शाळेत गेले नाही. हर्षालीला फोनवर फक्त एवढंच सांगितलं, बाबा घरी जेवायचं म्हणून निघाले होते. ती म्हणाली, "मग तू उठवून जेवायला का नाही घातलंस?" पोरं असं विचारतात.

मंगळवारी मी बँकेत गेले. जाणार नव्हते, पण सकाळी आपोआप साडी नेसली गेली. ती बाकावर बसलेली होती, जानकू शेजारी. मला पाहून उभी राहिली. ताई, ती उंच आहे. माझ्याहून उंच. हे तुम्ही लिहिलं नव्हतंत.

तिने मला पाहिलं, मी तिला. बाजारात गाय पाहतात तसं दोघींनी. मग ती म्हणाली, "तुमी बारीक हायेत. मला वाटलं व्हतं भरलेल्या असाल." मी म्हटलं, "पूर्वी होते."

तेजस्विनी म्हणून एक तरुण मॅडम होत्या. नोंदणीचं सर्टिफिकेट, ट्रस्टचं पॅन कार्ड, ठराव, फोटो, सगळं त्यांनी तपासलं. अंबाबाईंना सही करायला सांगितली. ती अंगठा लावेल असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, लावावा असंही वाटलं होतं. तिने सही केली, गोल, ठसठशीत. माझीच सही वाकडी आली आणि मॅडमनी ती दोनदा करून घेतली.

मग मॅडम म्हणाल्या, "व्यवहार कसा ठेवायचा ते ठरावात रिकामं आहे. तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या, असं लिहिते. बहुतेक ट्रस्ट तसंच करतात, सोपं पडतं."

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो फोटो आला, तुम्ही उंबऱ्यावर आणि तिचा हात तुमच्या खांद्यावर. कोणत्याही दोघी म्हणजे त्या दोघी. भात कापून झाला की जुन्नरला उतरायचं, सही करायची, मला कळायचंही नाही.

मी तिच्याकडे पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. कपाळाला आठ्या. तिने मॅडमना विचारलं, "दोघी म्हंजी कंच्या दोघी?"

"कोणत्याही, मावशी. ज्या येतील त्या."

"म्हंजी ह्या नणंद-भावजया दोघी आल्या तर माजं कामच न्हाई?"

"तसं नाही हो, पण चालेल."

"न्हाई चालायचं."

मी म्हटलं, "मलाही चालणार नाही. तिघींच्या सह्या लिहा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, विचार करा. प्रत्येक चेकवर तिघींच्या सह्या लागतील. एक घाटघरला, एक वारूळवाडीला, एक पार आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरला. एखादी आजारी पडली तर पैसे अडकतील. दर वेळी तिघींना एकत्र यावं लागेल."

"येऊ की," अंबाबाई म्हणाली.

"येऊ," मी म्हटलं.

जानकूने कपाळावर हात मारला. आमच्या दोघींचं पहिलं एकमत ते. तुमचं मत आम्ही विचारलं नाही, पण मला ते माहीत होतं. मॅडमनी ठरावात तसं लिहून घेतलं, दादाभाऊ नव्याने सगळ्यांच्या सह्या घेतोय. तुम्ही सोमवारी या. आधार, पॅन आणि दोन फोटो. कपाटाची किल्ली विसरू नका.

बाहेर पडल्यावर एसटीला वेळ होता. स्टँडवर आम्ही चहा घेतला. मी तिला विचारलं, "त्या दिवशी ताटात काय होतं?" ती म्हणाली, "नाचणीची भाकर, वालाची आमटी, आन ठेचा." मी म्हटलं, माझी शेंगोळी दोन दिवस पातेल्यात होती, शेवटी हर्षालीने टाकली. तिने माझा रिकामा कप उचलून स्वतःच्या कपात ठेवला आणि दोन्ही कप टपरीवाल्याला देऊन आली. बस्स, एवढंच. खांद्यावर हात वगैरे काही ठेवला नाही. तुम्हाला वाटेल म्हणून लिहिलं.

उज्ज्वला


निरगुडसर
२१ जानेवारी २०२६

उज्ज्वला,

सुखी राहा. दौड चांगली झाली. समदे म्हणतात, मीबी म्हणते. धुक्यात पोरं दिसेनाशी झाली तवा मी रुग्णवाहिकेजवळ जाऊन उभी ऱ्हायले, आन मंग एकेक करून वर यायला लागली. तू हुंदका दिलास तो मी ऐकला. मी वळून बघितलं न्हाई, कारण माझंबी तेच चाललं व्हतं.

पन एक मनात ऱ्हायलं ते लिहिते. अंबाबाईची नात, संस्कृती, दुसरी आली. बक्षीस घेऊन पोरगी आधी तुझ्या पाया पडली, मंग आजीच्या, मंग माझ्या. तू मधी उभी व्हतीस म्हणून, मला माहीत हाये. पुढल्या साली मधी मी उभी ऱ्हानार. आत्ताच सांगून ठेवते.

मांडववाल्याचा आन रुग्णवाहिकेचा चेक द्यायचाय. दादाभाऊ म्हणला शुक्रवारीच उरका, पुढं बँकेला लागून सुट्ट्या हायेत. मी येते. ऋषी म्हणत व्हता, "आई, कशाला एवढी वणवण? दोघींच्या सह्यांचा नवा ठराव करून टाका, तुझा गुडघा बघ." मी त्याला म्हणले, माझा गुडघा मी बघीन, तू तुझं बघ. असला ठराव कुणी पुढं आणला तर माझी सही मिळणार न्हाई. अंबाबाईलाबी मी तसं कळवलंय. ती म्हणली, तिचंबी तेच हाये.

मंचरला गाडी चुकली तर मला उशीर व्हईल. ती घाटघरच्या पहिल्या एसटीनं येती, तू तर जवळच, म्हंजी तुमी दोघी माझ्या आधी पोचणार. बँकेत जाऊन बसू नका. स्टँडवरच थांबा, मला दिसंल असं.

आन मी येईपतोर दोघींनी चहा घ्यायचा न्हाई.

साधना